आठ किल्ल्यांचं कुलूप

१

"कुणीतरी माझ्या कुलपाची किल्ली बदलली आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "आणि कोणी, तेही मला ठाऊक आहे. तू फक्त ये आणि सिद्ध कर."

दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं, ते तसंच खाली ओढलं. बाईंना "जरा वेळानं येते" म्हणायची माझी शाळेत असताना छाती नव्हती. आता केस पिकायला लागले तरी परिस्थिती तीच आहे.

बाई म्हणजे आमच्या गणिताच्या बाई. वर्गात मी एवढे प्रश्न विचारायची, की त्यांनी माझं नावच 'चौकशी खिडकी' ठेवलं. पुढे वर्गानं ते छाटून नुसतं 'खिडकी' केलं. मी लोकांचे बिघडलेले संगणक दुरुस्त करून पोट भरते, आणि चौकशीची खोड अजून गेलेली नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "आपोआप बंद पडला हो." आपोआप काही होत नसतं. मी विचारत राहते, आणि शेवटी कळफलकावर सांडलेलं सरबत कबूल होतं.

बाईंचं प्रकरण मात्र सरबताचं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या एका मोठ्या परीक्षेचा गणिताचा पेपर काढत होत्या. हे माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली एक मी, कारण पेपर ज्या यंत्रावर तयार व्हायचा ते मी बांधून दिलं होतं. पेपर न्यायला परीक्षा मंडळाचे सचिव त्याच दिवशी दुपारी येणार होते.

दार बाईंच्या भाचीनं उघडलं. डोळे सुजलेले. "या ताई," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. आई गेल्यापासून ही पोर बाईंकडेच वाढलेली. आता चांगली नोकरीला लागलेली, एका शिकवणीत गणित शिकवते. नेमकं त्याच परीक्षेला बसणाऱ्या मुलांना. मंडळाला बाईंनी हे आधीच सांगून टाकलं होतं आणि मंडळानं अट घातली होती, की पेपर कुलूपबंद यंत्रात राहील आणि घरातलं दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही. बाईंनी तर भाचीला त्या खोलीतच यायची बंदी केली होती.

"बघितलंस?" बाई आतल्या खोलीतून कडाडल्या. "चोरी करायची आणि वर रडायचं!"

भाचीनं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही.

२

आधी कुलूप कसं होतं ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

यंत्रावर मी लिनक्स बसवलं होतं, आणि बसवतानाच सगळीच्या सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली होती. म्हणजे डिस्क कुणी काढून घरी नेली तरी त्याला नुसती खिचडी दिसणार. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर एक ओळ येते, परवलीचं वाक्य मागते. ते बरोबर टाइप केलं तरच पुढचं सगळं उलगडतं. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मागे उभं राहून कुणी अक्षरं मोजायला नकोत.

पण समजा, एखाद्या लबाडानं हुबेहूब तशीच खोटी ओळ पडद्यावर आणून ठेवली तर? बाई विश्वासानं वाक्य टाइप करतील आणि ते त्याच्या खिशात जाईल. त्यासाठी सिक्युअर बूट. ओळखीची सही असलेलाच प्रोग्रॅम यंत्र सुरू होऊ देतं, बाकीच्याला दारातूनच वाटेला लावतं. हा पहारा बंद करता येतो तो यंत्राच्या मूळ सेटिंगमधून, म्हणून त्या सेटिंगलाही मी माझा पासवर्ड लावून ठेवला होता. बाईंच्या सोयीच्या एकदोन बारीकसारीक गोष्टीही तिथंच लावून दिल्या होत्या.

परवलीचं वाक्य बाईंनी स्वतः ठरवलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे आधी बराच वेळ कळांची खडखड झाली आणि मग उजव्या टोकाला टक, टक, टक. तो ठेका माझ्या चांगला ओळखीचा. शाळेच्या कचेरीत बाई मुलांचे गुण अशाच भरायच्या, डोळे कागदावर आणि उजवा हात कळांवर.

"या कुलपाला किल्ल्या, म्हणजे अशी वाक्यं, आठ लावता येतात बाई," मी तेव्हा म्हटलं होतं. "एखादी दुसरी करून ठेवू या? कुणातरी विश्वासाच्या माणसाची?"

"विश्वासाचं माणूस? मी आहे की," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

तर त्या सकाळी बाईंनी वाक्य टाइप केलं आणि यंत्रानं नाही म्हटलं. पुन्हा केलं, पुन्हा नाही. रागारागानं, सावकाश, श्वास रोखून, सगळ्या तऱ्हांनी करून झालं.

"वाक्य नक्की आठवतंय ना?" मी विचारलं.

बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. "माझी आई शेवटी शेवटी मला विचारायची, तुम्ही कोण? तेव्हापासून मी रोज उठल्यावर पाढे म्हणते, उलटे. मी विसरत नाही. कळलं?"

कळलं. पुन्हा विचारायची सोय उरली नाही.

मी यंत्र बंद करून सुरू केलं आणि मूळ सेटिंगमध्ये शिरायची कळ दाबली. आता ते माझा पासवर्ड मागणार, म्हणून मी बोटं सरसावून बसले.

त्यानं काहीच मागितलं नाही, सरळ आत घेतलं.

आत सिक्युअर बूट बंद होतं आणि घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलेलं. बाईंनी सकाळपासून त्या पडद्यावर वाक्य पुन्हा पुन्हा टाइप केलं होतं, आणि पहारा तर जागेवरच नव्हता.

३

माझा पासवर्ड न कळता उडवायचा एक मार्ग आहे, आणि तो संगणकवाल्या प्रत्येकाला माहीत असतो. यंत्राची पेटी उघडायची, आतली नाण्याएवढी बॅटरी काढायची, थोडा वेळ थांबून परत बसवायची. सेटिंग पुसली जाते, पासवर्ड जातो, घड्याळ मागे जातं. मला समोर दिसत होतं ते नेमकं तेच.

"म्हणजे कुणीतरी पेटी उघडली," मी म्हटलं.

"मग मी काय सांगतेय सकाळपासून!" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क हायसं वाटल्याची झाक दिसली. मला ते चमत्कारिक वाटलं. घरात चोर आहे म्हटल्यावर हायसं कुणाला वाटतं?

मी टेबलाखालून पेटी ओढली. माझी एक सवय आहे, तिच्यावरून धंद्यातले लोक मला हसतात. पेटी बंद केली की प्रत्येक स्क्रूवर मी चमचमवाल्या नेलपॉलिशचा थेंब सोडते आणि वाळला की त्याचा फोटो काढून ठेवते. स्क्रू फिरवला की थेंब तडकतो. नवा थेंब लावता येतो, पण त्यातली चमचम पहिल्यासारखी पडणं शक्य नाही, कुणाच्या बापाला जमायचं नाही ते.

फोटो उघडून मी जमिनीवर आडवी पडले आणि एकेक थेंब ताडून पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

सगळे जसेच्या तसे होते. पेटी कुणीही उघडलेली नव्हती.

मी उठून खुर्चीत बसले. आता माझा पासवर्ड जाणणारी आणि पेटीला हात न लावता पहारा बंद करू शकणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि ती त्या खुर्चीत बसली होती. हे बाईंच्याही लक्षात आलं असणार, कारण त्या माझ्याकडे शाळेत पाहायच्या तशा बघायला लागल्या.

"खिडके," त्या सावकाश म्हणाल्या, "उत्तरपत्रिका कोरी ठेवायची नसते."

४

मी चौकशीला लागले. स्वतःवर बालंट आल्यावर माणसाला कसा जोर चढतो!

पहिला नंबर बाईंच्या धाकट्या भावाचा, म्हणजे भाचीच्या मामाचा. हा गृहस्थ महा उचापतखोर. चालू पंखा उघडून बघणारा, खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर. आदल्या दिवशी नळ दुरुस्त करायला म्हणून आला आणि नळ आणखी गळायला लागल्यामुळे मुक्कामालाच राहिला. स्वयंपाकघरात माझ्यासमोर चहाचा कप ठेवून त्यानं तोंडाचा पट्टा सुरू केला.

"खिडकीबाई, खरं सांगू का? ती पेटी उघडायची मला खाज होती. आत एक जादा पंखा बसवला असता. ताईनं लाटणं उगारलं, मी नाद सोडला. देवाशपथ."

"काल दुपारी घरात कोण कोण होतं?"

"ताई काम आटपून, इस्त्री करून भाजी आणायला गेली. मी नळाखाली पाठीवर आडवा. मग पोरगी आली शिकवणीवरून, आणि आली ती धावतच आत गेली. मी हाक मारली तर ओ नाही."

"आत म्हणजे कुठं?"

त्यानं एकदम जीभ चावली. "ते... नळाखालून काय दिसतंय? पाय दिसतात फक्त." भाचीवर त्याचा फार जीव. त्याला अजून काही सांगायचं नव्हतं, आणि मीही खोदलं नाही.

चहा निवेपर्यंत मी इकडंतिकडं बघत बसले. ओट्यावर भांडी पालथी घातलेली, ओव्हनच्या हिरव्या घड्याळात बरोबर वेळ, नळाला बांधलेलं फडकं आणि त्यातून तरीही ठिबकणारं पाणी.

भाची गॅलरीत उभी होती. मी सरळच विचारलं, "काल तू त्या खोलीत गेली होतीस?"

या मुलीला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बरणीतला लाडू खाल्ला तरी स्वतःच येऊन सांगायची. खोटं जमत नाही, म्हणून आता तिनं तोंडात गुळणी धरली होती.

"हे बघ, सचिव आले की बाई त्यांना सगळं सांगणार. पेपर रद्द होईल, तुझं नाव घेतलं जाईल. मग कोणती शिकवणी तुला दारात उभं करील? आयुष्यभराचा शिक्का बसेल, समजतंय का?"

"समजतंय."

"मग?"

तिनं गॅलरीच्या कठड्याचा रंग नखानं खरवडला. "ताई, एक विचारू? परवलीचं वाक्य एखाद्याला... म्हणजे आठवेनासंच झालं, तर त्या माणसाला न कळू देता ते उघडायचा काही मार्ग असतो का?"

"नसतो. म्हणून तर ते कुलूप."

तिचे डोळे पुन्हा भरले. "मग मावशी म्हणते तेच धरून चाला," ती म्हणाली. "मी चोर आहे, असं धरून चाला."

५

मी चिडले. खरंच चिडले. चोर स्वतःला चोर म्हणवून घ्यायला इतका उतावीळ नसतो, आणि जिच्या घरात चोरी झाली तिला इतकं हायसं वाटत नसतं. या घरात दोन बायका मिळून एक चोर उभा करत होत्या आणि दोघींनाही तो हवा होता. का?

बाईंचं मला आधी उमगलं. रोज उलटे पाढे म्हणणाऱ्या बाईंना आज यंत्रानं सांगितलं होतं, तुमचं वाक्य चूक. मग एकतर किल्ली कुणीतरी बदलली, नाहीतर बाई विसरल्या. त्यांनी भाचीला चोर ठरवलं, कारण दुसरं उत्तर त्यांच्या आईचं होतं.

पण किल्ली बदलायला आधी जुनी किल्ली लागते, आणि ती बाईंशिवाय कुणाकडेच नव्हती. म्हणजे किल्ली बदललेली नाही. बाई विसरल्यात, असंही मानायला मी तयार नव्हते. तरी नकार खरा होता. मग तिसरं काय?

मी पुन्हा त्या पासवर्डकडे आले. पेटी न उघडता तो उडाला कसा? बॅटरी कुणी काढली नाही. पण ती आपली आपणच मेली असेल तर? जुनं यंत्र, जुनी बॅटरी. मात्र भिंतीतून वीज येत राहते तोवर मेलेल्या बॅटरीचा पत्ता लागत नाही, यंत्र बंद असलं तरी त्या विजेवर सेटिंग टिकून राहते. वीज तुटली की मात्र सगळं पुसलं जातं.

"काल वीज गेली होती का हो?" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

"छे!" मामा ओरडला. "गेली असती तर ओव्हनचं घड्याळ शून्यावर आलं असतं. मग ते लावायला मलाच बोलावतात."

ओव्हनचं घड्याळ तर मी चहा पिताना पाहिलंच होतं, बरोबर होतं. म्हणजे वीज गेली ती फक्त या खोलीत.

मी टेबलाखाली वाकले. यंत्राची वायर एका लांबुडक्या बोर्डाला जोडलेली होती. त्याच बोर्डावर दुसरी वायर, ती पलीकडे इस्त्रीच्या टेबलाकडे गेलेली. दोन्हींना मिळून एकच लाल बटण.

"हा बोर्ड कुणी लावला?"

"मीच!" मामा दारात येऊन कौतुकानं म्हणाला. "एक बटण दाबलं की सगळं बंद. झटपट."

मी थेंबांचे पुन्हा फोटो काढून ठेवले, मग नेलपॉलिश खरवडून पेटी उघडली आणि बॅटरीला मीटर लावला. काटा हललाच नाही. बॅटरी ठार मेलेली. मी बाईंना बोलावलं, सेटिंगमध्ये त्यांच्यादेखत एक नवा पासवर्ड घातला, लाल बटण बंद केलं आणि थोड्या वेळानं चालू केलं. पासवर्ड गेला, पहारा गेला, घड्याळ मागे.

"चोरानं काही केलं नाही बाई. चोरच नाहीये."

बाई खाली बसल्या. हायसं वाटल्याची ती झाक पार गेली होती. "म्हणजे किल्ली कुणी बदलली नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "म्हणजे मीच."

दारात मामाच्या मागे भाची येऊन उभी होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

६

"थांबा," मी म्हटलं. "पेपर कोरा देऊ नका."

मी नवी बॅटरी घातली. घाई केली नाही. पहारा रात्रभर बंद होता म्हटल्यावर आधी खात्री हवी. माझ्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं आणि वाक्य मागणाऱ्या प्रोग्रॅमचा ठसा, म्हणजे त्यात एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा, मी बसवताना जपून ठेवलेल्या ठशाशी ताडला. तंतोतंत तोच. बाईंनी सकाळी टाइप केलेलं वाक्य कुणाच्याही खिशात गेलेलं नव्हतं. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, माझा पासवर्ड लावला आणि ती ओळ काळ्या पडद्यावर आणली.

"बाई, टाइप करा. मी भिंतीकडे तोंड करते, फक्त कान उघडे ठेवते."

खडखड झाली. मग उजव्या टोकाला टक, टक, टक. मग नकार.

मी वळले आणि कळफलकाकडे नीट पाहिलं. शाळेतून निवृत्त होताना बाईंनी मागून आणलेला तो जुना कळफलक. उजवीकडच्या आकड्यांच्या कळा गुणांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्या वरचा इवलासा हिरवा दिवा विझलेला होता. तो सकाळपासून माझ्या नाकासमोर विझून बसला होता.

हीच ती बारीकसारीक सोय! उजवीकडच्या त्या कळा दिवा लागलेला असला तरच आकडे लिहितात. विझलेला असेल तेव्हा त्या नुसत्या बाण होतात, किंवा काहीच करत नाहीत. बाकीचं जग आकडे वरच्या ओळीतून लिहितं. वाक्यात उजवीकडचे आकडे घालणाऱ्या आमच्या बाईच, म्हणून यंत्र सुरू होतानाच तो दिवा लागावा, असं मी मूळ सेटिंगमध्ये लावून ठेवलं होतं. सेटिंग पुसली गेली, दिवा लागेनासा झाला. पडद्यावर काही उमटत नसल्यामुळे बाईंचे आकडे वाटेतच पडतायत हे कुणाला कळणार?

मी त्या दिव्याखालची नमलॉकची कळ दाबली. दिवा लागला. "आता करा," म्हणून मी परत भिंतीकडे वळले.

खडखड. टक, टक, टक. यंत्राचा पंखा घुमला, कुलूप उघडलं आणि मागून बाईंचा असा आवाज आला, जो मी शाळेत कधी ऐकला नव्हता. त्या रडत होत्या.

"मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "खिडके, मी विसरले नव्हते गं!"

मामानं टाळ्या पिटल्या. भाची धावत आली आणि मावशीच्या गळ्यात पडली, आणि दोघी मिळून असं रडायला लागल्या की मला माझी हत्यारं आवरायचं निमित्त करावं लागलं. मी शहाणी असते तर तेवढ्यावर पिशवी उचलून निघाले असते.

७

पण बाई गणिताच्या. त्यांना उत्तर मिळालं तरी चालत नाही, पायऱ्या लागतात. डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक पायरी राहिली. लाल बटण कुणी बंद केलं?"

मामाला एकाएकी नळ आठवला.

"मी ते कधी बंद करत नाही," बाई बोलत राहिल्या, फळ्यावर उदाहरण सोडवत असल्यासारख्या. "हा नळाखाली. राहिली ही. पण हिला खोलीत यायची बंदी, आणि ही माझी बंदी मोडत नाही. मोडली, म्हणजे कारण तसंच असणार. धावत आली असणार."

मी भाचीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, नका, नका. मला कारण कळलं होतं. बोर्ड पाहिला तेव्हाच इस्त्रीच्या टेबलावरची कोरी करकरीत चादर माझ्या डोळ्यांत भरली होती, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. "बाई, झाडताना चुकून बटणाला पाय लागला असेल."

"खिडके, तुला गणितही कधी धड आलं नाही आणि खोटंही येत नाही."

बाई उठल्या, इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी चादर उचलली. खालच्या घोंगडीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग होता, मधे आरपार भोक पडलेला. जळका वास अजून होता.

बाईंनी त्या भोकात बोट घालून पाहिलं.

"चालू ठेवून गेले होते मी," बाई म्हणाल्या.

"मावशी, मी लगेच बटण दाबलं, इस्त्री बंद केली आणि मग बटण परत लावलं. कुणालाही होतं असं."

"पहिल्यांदा?"

भाचीनं चादर मावशीच्या हातातून काढून घेतली. तिला खोटं जमत नाही.

"गॅस?" बाईंनी विचारलं. "तोही?"

"दोनदाच," ती म्हणाली. "मी बघते ना रोज. निघताना, आल्यावर. मला सवय झालीय."

"आणि आज यंत्र उघडेना, तेव्हा तुला वाटलं मी वाक्यही विसरले."

"हो."

"मी तुला चोर म्हटलं. मंडळाला कळवणार म्हटलं. तुझी नोकरी गेली असती, आणि तू ऐकून घेतलंस?"

"तू आजीसारखी होतेयस, हे तुला मी कसं सांगणार होते?" पोरगी हुंदके देत म्हणाली. "तुला राग आलेला परवडतो मला. तू घाबरलेली नाही बघवत."

बाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मी मीटर पिशवीत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

दुपारी सचिव आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बॅटरी, बटण, दिवा आणि इस्त्रीसुद्धा. मी पेटीच्या थेंबांचे जुने-नवे फोटो दाखवले, ठसे दाखवले. त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि पेपर घेतला. बाईंनी त्यांना आणखी एक सांगितलं, की पुढच्या वर्षापासून जोडीला दुसरं कुणी असल्याशिवाय त्या पेपर काढणार नाहीत. आणि येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार, हे सचिवांना सांगायची काहीच गरज नव्हती, तरी तेही सांगितलं. मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

८

परीक्षा होऊन गेल्यावर बाईंचा फोन आला. "पेपर गेला, आता यंत्रात माझ्या आठवणीच लिहितेय. ये जरा. त्या कुलपाला आठ किल्ल्या लागतात म्हणाली होतीस. एकच लागलीय."

मी गेले. मामानं दोन बटणांचा नवा बोर्ड आणून लावला होता आणि तो मला तीनदा दाखवला. नळ अजून गळतच होता.

दुसरी किल्ली घालायला पहिली लागते. बाईंनी आपलं वाक्य टाइप केलं, खडखड आणि टक, टक, टक. दिवा लागलेला आहे ना, ते आधी वाकून बघितलं. मग खुर्चीतून उठल्या आणि भाचीला तिथं बसवलं.

"काय घालू?" तिनं विचारलं.

"मला सांगायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "माझं वाक्य मला आठवतंय तोवर तुझं लागणारच नाही. नाही आठवलं, त्या दिवशी तू उघड आणि मी काय काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

मग आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी उभ्या राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. मागे कळा वाजायला लागल्या. पोरगी थांबत थांबत, विचार करून लिहीत होती. बाई ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, पाढे म्हणतायत.

"झालं, मावशी," मागून आवाज आला.

बाईंनी मान वळवली नाही. भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "उठलीयस तशी इस्त्री बंद आहे का बघ गं. मी बघितलीय. तरी तू बघ."